१४९ कवट्या मोजल्या आणि गुरूचं मत खोडून निघालं: इरावती कर्वे यांची विज्ञानातली वाटचाल

धार असो की देवास, आपल्याकडच्या मराठी घरांत लग्नाची बोलणी सुरू झाली की एक गोष्ट हमखास होते. मामाच्या मुलीचा विषय निघाला, की महाराष्ट्रातून आलेले पाहुणे हसत हसत चिडवाचिडवी करतात. शेजारचं माळवी कुटुंब मात्र कानावर हात ठेवतं. त्यांच्या लेखी मामाची मुलगी म्हणजे बहीणच. गल्ली एक, देऊळ एक, किराण्याचं दुकान एक, पण नात्याचा हिशेब वेगळा. हा हिशेब कुठे बदलतो आणि का बदलतो, हे भारतभर फिरून ज्यांनी कागदावर मांडलं, त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे.

बहुतेक मराठी वाचक त्यांना ‘युगांत’च्या लेखिका म्हणून ओळखतात. महाभारतातली माणसं देव नव्हे तर माणसं म्हणून दाखवणारं ते पुस्तक १९६७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण इरावतीबाई लेखिका नंतर झाल्या, शास्त्रज्ञ आधी होत्या. माणसाची कवटी, मेंदू, रक्त आणि आनुवंशिकता यांच्या अभ्यासाची डिग्री त्यांनी बर्लिनमधून आणली होती. ती मिळवताना त्या ज्या माणसाच्या हाताखाली शिकल्या, त्याचंच मत त्यांच्या आकड्यांनी खोटं ठरवलं. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

नदीच्या नावाची मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला, हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि मैत्रिणीमुळे तिचं घरही मिळालं. रँग्लर परांजपे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्या घरात पुस्तकं होती, वाद होते, देवाधर्मावर बेधडक बोलणं होतं. मुलगी त्या घरचीच होऊन गेली.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालं. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. विषय होता चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच जातीचा. याच काळात लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेलं हे घर. तरीसुद्धा सुनेनं एकटीनं जर्मनीला जाऊन पीएच.डी. करावी, हे खुद्द अण्णासाहेबांनाही पटलं नव्हतं. दिनकरराव स्वतः जर्मनीत, लाइपझिगला शिकून आले होते. ते बायकोच्या बाजूने उभे राहिले. पैशांचा प्रश्न होता, तो डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन सोडवला. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

बर्लिनची संस्था आणि तिथला प्रश्न

त्या जिथे दाखल झाल्या, तिचं नाव कैसर विल्हेल्म संस्था. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे तीन विषय तिच्या नावातच होते. १९२७ साली बर्लिनच्या डालेम भागात ती सुरू झाली. प्रमुख होते प्रा. ऑयगेन फिशर. हा माणूस त्या काळातला मोठा शास्त्रज्ञ मानला जायचा. आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, गोऱ्या आणि आफ्रिकी आईबापांच्या मिश्र संततीचा अभ्यास करून त्यानं नाव कमावलं होतं. माणसाच्या आनुवंशिकतेवरचं त्याचं सहलेखकांबरोबरचं पुस्तक पुढे नाझींनी आधाराला घेतलं.

फिशरनं या मराठी विद्यार्थिनीला दिलेला विषय कवटीचा होता. कुठल्याही माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. फिशरचा तर्क असा होता की गोऱ्या युरोपीय माणसात मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी जास्त असमान असते, आणि हाच भाग बुद्धीचा, विचारशक्तीचा. म्हणजे कवटीच्या मापावरून कोण हुशार आणि कोण मागास, हे वंशानुसार ठरवता येईल. विद्यार्थिनीनं कवट्या मोजायच्या आणि ते सिद्ध करून दाखवायचं.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्याही आणि बाहेरच्याही. वसाहतींतून जर्मनीत गोळा करून नेलेल्या माणसांच्या कवट्या त्यात होत्या. ती माणसं कोण होती, कशी मेली, त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का, याचा हिशेब त्या काळच्या विज्ञानात कुणी ठेवत नसे. हातात कॅलिपर, समोर एकेक कवटी, आणि दोन्ही बाजूंची मापं वहीत.

हिशेब पूर्ण झाला तेव्हा निष्कर्ष साधा होता. असमानता सगळ्यांत आहे. गोऱ्यांत आहे, काळ्यांत आहे. वंशाशी तिचा संबंध लागत नाही. फिशरचा तर्क उभा राहत नव्हता.

इथे थोडं थांबायला हवं. २४-२५ वर्षांची परकी मुलगी. डोक्यावर कर्ज. घरचे वडीलधारे आधीच नाराज. डिग्री ज्याच्या हातात, त्याच्याच मताविरुद्ध आकडे जात होते. चार मापं इकडची तिकडे केली असती तर कुणाला कळलं असतं? त्यांनी ते केलं नाही. १९३० च्या सुमारास डॉक्टरेट मिळाली, पण गुण देताना गुरुजींनी हात आखडता घेतला.

पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याची संस्था नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा मुलामा देत राहिली. फिशरनंतर संस्थेचा प्रमुख झालेल्या फेर्शुअरचा सहायक म्हणजे योझेफ मेंगेले, आउश्वित्झच्या छळछावणीतला डॉक्टर. त्याच संस्थेच्या दप्तरात वंश आणि बुद्धीचा धागा तोडणारा एक प्रबंध पुण्याच्या बाईच्या नावावर आहे.

मेंदूविज्ञान आज काय सांगतं, तेही पाहू. बहुतेक माणसांच्या मेंदूत उजवी बाजू पुढे जरा सरकलेली आणि डावी बाजू मागे जरा सरकलेली असते. हे सगळ्या मानवजातीचं लक्षण आहे, कुणा एका वंशाचं नव्हे. मेंदूची डावी-उजवी बाजू थोडी वेगवेगळी कामं सांभाळते. उदाहरणार्थ, बहुतेकांत भाषेचं काम मुख्यतः डाव्या बाजूला चालतं. पण म्हणून कवटीला टेप लावून कुणाची अक्कल मोजता येत नाही.

परत पुण्यात

परतल्यावर लगेच संशोधनाची खुर्ची मिळाली असं झालं नाही. १९३१ ते १९३६ त्यांनी सासऱ्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रारची नोकरी केली. फायली, परीक्षा, निकाल. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि इरावतीबाई तिथे समाजशास्त्राच्या रीडर झाल्या. पुढची ३० वर्षं तेच त्यांचं ठिकाण.

डेक्कन कॉलेज हे नाव आपल्या भागाला नवं नाही. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली याच संस्थेनं १९५० च्या दशकात महेश्वर आणि नर्मदेपलीकडच्या नावडातोडीला उत्खनन केलं. इरावतीबाई आणि सांकलिया सहकारी होते. गुजरातमधल्या लांघणजला अश्मयुगातले सांगाडे निघाले, तेव्हा दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि १९४९ साली अमेरिकेच्या नामांकित मानवशास्त्रीय नियतकालिकात लेख छापून आला. १९४७ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदी त्याच होत्या.

गावोगाव फिरून माणसांची मापं घेणं, रक्ताचे नमुने गोळा करणं, वंशावळी लिहून घेणं हे त्यांचं काम. एस.टी., बैलगाडी, पायी, जे मिळेल त्यानं प्रवास. धर्मशाळेत, शाळेच्या वर्गात मुक्काम. पुण्यात त्या स्कूटर चालवायच्या, तेही जेव्हा बाई स्कूटरवर दिसली की रस्ता थांबून बघायचा. मंगळसूत्र, कुंकू वापरत नसत. पण नवऱ्याबरोबर, मुलांबरोबरचा संसार भरला होता. मुलगा आनंद कर्वे शास्त्रज्ञ झाला, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या मुली लेखिका झाल्या.

कवटीकडून रक्ताकडे

त्यांचा मूळ प्रश्न होता की जात म्हणजे नेमकं काय. गुरू घुर्ये यांचं म्हणणं असं होतं की जातीव्यवस्था गंगेच्या खोऱ्यातल्या ब्राह्मण संस्कृतीत तयार झाली, तिथून पसरली, आणि मोठ्या गटांचे तुकडे पडत पडत पोटजाती झाल्या. इरावतीबाईंना हे पटेना. त्यांनी म्हटलं, मोजून बघू.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची शारीरिक मापं घेतली. तो अहवाल १९५१ साली आला. पुढे विद्यार्थी कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींचा अभ्यास केला. समाजातलं स्थान जवळपास सारखं, पण बेटी-व्यवहार आपापल्या गटातच. शरीराची मापं, रक्तगट आणि इतर आनुवंशिक लक्षणं तपासली. १९६८ साली हा अभ्यास छापून आला. ब्राह्मण हे नाव एक असलं तरी आतले गट जैविकदृष्ट्या एकसारखे नाहीत, असं दिसलं. कुंभारांचंही त्यांनी तसंच मांडलं होतं. कुंभार हे धंद्याचं नाव. आत अनेक वेगळे गट, कुणाचं चाक वेगळं, कुणाची घडवायची रीत वेगळी, आणि सोयरीक एकमेकांत नाही. त्यांच्या मते खरी जात म्हणजे हा आतला गट, लांबवर पसरलेलं एक मोठं भाऊबंदकीचं कुटुंब. एकाच नावाखाली असे वेगवेगळे गट शेजारी शेजारी येऊन बसले आहेत, एकाचे तुकडे पडून झालेले नाहीत. १९६१ च्या हिंदू समाजावरच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिलं.

म्हणजे दुसऱ्यांदा त्यांनी गुरूच्या मताविरुद्ध आकडे मांडले. एकदा बर्लिनच्या, एकदा मुंबईच्या.

पण त्यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅलिपर त्या बर्लिनमधूनच शिकून आल्या होत्या आणि तो त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. डोक्याचा, नाकाचा आकार फक्त रक्तावर ठरत नाही, खाण्यापिण्यावर आणि राहणीवरही ठरतो. अमेरिकेत फ्रांझ बोआस यांनी स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांची डोकी मोजून हे १९११ च्या सुमारासच दाखवलं होतं. त्यामुळे मापांवरून गटांचं मूळ शोधण्याच्या पद्धतीवर नंतरच्या अभ्यासकांनी टीका केली, आणि ती रास्त आहे. जातीतल्या अन्यायापेक्षा जातीच्या मुळाकडे त्यांचं लक्ष जास्त राहिलं, असाही आक्षेप आहे.

आजची डीएनए तपासणी काय म्हणते? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास सगळ्या गटांत साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भरपूर सरमिसळ झाली, आणि त्यानंतर गट आपापल्यात बंद होत गेले. म्हणजे जात हे बंद भाऊबंदकीचं कुटुंब आहे हे इरावतीबाईंचं म्हणणं बऱ्याच अंशी टिकलं. पण कुणी मुळापासून शुद्ध नाही, हेही तितकंच पक्कं झालं. आपण सगळे आधी मिसळलो आणि मग दारं लावून घेतली.

दारं लावून घेण्याची किंमतही आहे. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त गटांचा अभ्यास आला. त्यातल्या ८१ गटांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा खूप ठळक दिसल्या. अशा गटात एखादा दोष असलेला जनुक आई आणि वडील दोघांकडून येण्याची शक्यता वाढते.

धार जिल्ह्यात हे पुस्तकातलं ज्ञान नाही. इथल्या आदिवासी भागात सिकलसेल आजार घराघरांत माहीत आहे. रक्तातल्या एका जनुकाचा तो बदल. आई-वडील दोघांकडून आला तर मूल आजारी पडतं, एकाकडून आला तर सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासणी, कार्ड आणि लग्नाआधी समुपदेशन असं ते काम आहे. आनुवंशिकता मोजायची ती माणसाला वरचा-खालचा ठरवायला की त्याचं मूल वाचवायला, हा फिशर आणि सिकलसेलची तपासणी करणारी आरोग्य कार्यकर्ती यांच्यातला फरक आहे.

आपला मधला पट्टा

आता सीमेवरच्या मराठी माणसाला सगळ्यात जवळचं काम. १९५३ साली इरावतीबाईंचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. देशाचे त्यांनी चार पट्टे पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत लग्न करताना आपलं, आईचं आणि आज्यांचं गोत्र टाळायचं, मुलगी लांब द्यायची. दक्षिणेत उलट, नात्यातच सोयरीक पक्की करायची. मधल्या पट्ट्यात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा. इथे दोन्ही रीती एकमेकींना भेटतात.

भाषेतही खुणा आहेत. आपल्याकडे जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई म्हणते आणि जावई सासऱ्याला मामा म्हणतो. मामाची मुलगी करण्याच्या रीतीत हे अगदी सरळ बसतं, कारण मुलीची आत्याच तिची सासू होते आणि मुलाचा मामाच त्याचा सासरा. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ही हाक अनेक घरांत टिकून आहे. सोयरीक राज्याची सीमा बघत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचं लग्न १९०८ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झालं, आणि त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर गेले.

शेवटच्या वर्षांत इरावतीबाई आणखी एका प्रश्नाकडे वळल्या. कोयना धरणामुळे उठवलेल्या माणसांचा त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर सर्व्हे केला. १९६९ साली अहवाल आला. जमीन किती गेली एवढंच त्यात नव्हतं. गाव वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलं की भाऊबंद तुटतात, सोयरिकी तुटतात, याकडे त्या बघत होत्या. ज्यांनी २०१९ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात निसरपूर जाताना पाहिलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. धरणग्रस्तांचा असा अभ्यास आपल्या देशात त्यांनी फार आधी केला होता.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ६४. काम अर्ध्यावर होतं असंच म्हणावं लागेल, कारण रक्तगटांच्या पुढची साधनं तेव्हा कुठे हाती येऊ लागली होती.

आज शे-दोनशे पानांचे डीएनए रिपोर्ट लोक घरबसल्या मागवतात. समाजमाध्यमांवर अमुक जातीचं रक्त तमुक, अशा पोस्ट फिरतात. त्यात कवट्यांच्या जागी जनुकं आली आहेत, खोड जुनीच आहे. असा मेसेज आपल्या ग्रुपवर आला की पुढे पाठवण्याआधी एक विचारावं: मोजणाऱ्यानं काय मोजलं, आणि उत्तर आधीच ठरवून मोजलं का? बर्लिनच्या त्या संस्थेत इरावतीबाईंनी एवढंच केलं होतं.